पडद्यामागे धावलेली मुलगी

बाई पडदे शिवायच्या आणि त्यांचा नवरा बस चालवायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्याचा आवाज बसमधलाच राहिला होता. शेजारी बसलेल्याशीही तो शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असा बोले.

दरवर्षी गावाबाहेरच्या मैदानात गोष्टींचा उत्सव भरे. दिवेलागणीला शेकोटी पेटली की सगळे भोवती बसत. नियम एकच, गोष्ट खरी हवी आणि स्वतःच्या बाबतीत घडलेली हवी. नवरा दरवर्षी एकच गोष्ट सांगे. एक मुलगी त्याच्या बसमागे कशी जिवाच्या आकांताने पळत आली, त्याने आरशात पाहून बस कशी थांबवली, आणि पुढे तिच्याशीच लग्न कसं केलं. लोकांना ती पाठ झाली होती, तरी पुन्हा हवी असे. बाई शेजारी मूग गिळून बसत. एवढा रंगून सांगतोय, कशाला मोडता घालायचा?

एका वर्षी मात्र त्याचा घसा पार बसला. उत्सव सांभाळणारी शिक्षिका म्हणाली, "काकू, यंदा तुम्ही सांगा ना."

नवऱ्याने कोपराने ढोसलं. बाई उठल्या.

"सांगते. पण खरी सांगायची ना? मग ऐका. मी बसमागे पळतच नव्हते."

नवऱ्याने मान वळवून पाहिलं.

"एका घरी पडदे पोचवायला निघाले होते. वारा असा सुटला, की एक पडदा गठ्ठ्यातून निसटला आणि जाऊन अडकला बसच्या मागच्या शिडीला. बस सुटली. माझा पडदा पुढे, मी मागे! ओरडतेय, हात हलवतेय. बस थांबली. मी पडदा सोडवला, तोवर हे खिडकीतून डोकं काढून म्हणतात, 'अहो, चढा लवकर, लोक खोळंबलेत!' सगळी बस माझ्याकडे बघत होती. नको म्हणायची लाज वाटली. चढले."

शेकोटीभोवती हशा पिकला. नवरा तोंड उघडं टाकून बसला होता. मग फुटक्या आवाजात, सगळं बळ एकवटून म्हणाला, "अगं, मग पुढच्या स्टॉपला उतरायचं होतंस की!"

"उतरणारच होते. पण तुम्ही आरशातून सारखे बघत होतात."

"मागची वाहनं बघत होतो मी!"

"वाहनं बघून कोणी हसतं का?"

आता शिक्षिकेलाही हसू आवरेना. बाईंनी पदर सावरला आणि हळू आवाजात पुढचं सांगितलं. शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले, त्या बसून राहिल्या. त्याने विचारलं, "कुठे जायचंय?" त्या म्हणाल्या, "जिथून चढले तिथेच." आणि तो काहीएक न विचारता बस वळवून घेऊन निघाला. वाटेत दोघं अवाक्षर बोलले नाहीत. पण इतकं बरं वाटणारं गप्प बसणं त्यांना त्याआधी ठाऊक नव्हतं.

टाळ्या थांबेनात. बाई खाली बसल्या तेव्हा नवऱ्याने त्यांचा हात हातात घेतला आणि कानाशी पुटपुटला, "तुझीच गोष्ट बरी आहे गं."

तेव्हापासून ती गोष्ट दोघं मिळून सांगतात. बस त्याची, पडदा तिचा. आरशापाशी आले की दरवर्षी भांडतात, आणि लोक त्या भांडणासाठीच लवकर येऊन पुढची जागा धरतात.