आईने पापणी हलवली

मंडळी, मस्कतवरून लिहितोय. आज सुट्टी, पण सकाळीच घाम फुटला.

लालबागला आईला हयातीचा दाखला द्यायचा होता, नाहीतर बाबांच्या मागे मिळणारी तिची पेन्शन बंद. दाखले काढायच्या केंद्रातल्या मशीनने तिचा अंगठा तीनदा नाकारला. वीस वर्षं खानावळीत भांडी घासलीत तिने, अंगठ्यावर रेषा उरणार कुठून?

म्हटलं, मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतं. शेजारच्या काकींच्या फोनवर मी व्हिडिओ कॉलवर, आईच्या हातात तिचा फोन. ॲप सांगतंय पापण्या मिटा, आणि ही स्टुडिओत बसल्यासारखी डोळे ताणून!

"आई, डोळे मिट ना!"

"मेल्या, डोळे मिटले तर फोटो फुकट जातो!"

"अगं, तू जिवंत आहेस का ते बघतायत!"

"मग तसं सांग ना!"

पापणी हलली, दाखला झाला.

संध्याकाळी काकींचा फोन. आई गॅलरीत बसून चाळीतल्या बायकांचे दाखले काढतेय आणि ओरडतेय, "डोळे मिट गो, फोटो नाय हा!"

मी सातवी नापास, ती तर शाळेतच गेली नाही. छाती फुगली राव.

तुमच्या घरी कोणाचे अंगठे झिजलेत? केंद्रावर परत हेलपाटा घालण्याआधी माझ्या आईकडे पाठवा.