एका घरात दोन धुराडी

निरोप आणला तो आमच्या ह्यांच्या कारखान्यातल्या शिपायानं. कुपवाडच्या त्या ऑफिसात फोन आला आणि हा सायकल हाणत थेट आमच्या दारात. "वैनी, कोयनेकडचं तुमचं मामा गेलं." मी विळीवर वांगी चिरत होते. थोरला मामा की धाकटा, हे मी विचारलंच नाही. "धोंडूमामानं मारलं ना?" एवढंच तोंडातून निघालं. तो बिचारा गांगरला. भिंत अंगावर पडली, असं त्याला सांगितलं होतं. माझा विश्वास बसला नाही. सांगलीहून कऱ्हाड, कऱ्हाडहून कोयनेकडची एसटी, सगळ्या वाटेत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की धाकट्या मामानं थोरल्याचा जीव घेतला...

हणमंतमामा माझ्या आईचा थोरला भाऊ. फौजेत पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग लावणाऱ्या पलटणीत हवालदार. भूकंप झाला तेव्हा तो सरहद्दीवर होता आणि मामी घरात झोपलेली होती. आढ्याखालची जड दगडी भिंत तिच्यावर आली. मामा पोचला तेव्हा तिची राखही सावडून झाली होती. तो रडला नाही. त्यानं घण उचलला आणि पडलेल्या भिंतीचा एकेक दगड फोडायला सुरुवात केली. हाताची सालं निघाली, घणाचा दांडा रक्तानं चिकट झाला, तरी थांबेना. "खुनी हाय ही. एक धोंडा ठेवणार न्हाई," म्हणत होता. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. मला मामाचा लळा होता, पण त्या दिवसापासून त्याची भीतीही वाटू लागली.

पेन्शन घेऊन तो कायमचा गावी आला आणि मग दुष्काळात एक सरकारी योजना आली. जुन्या घरांच्या वरच्या जड भिंती उतरवायच्या, तिथं हलका पत्रा ठोकायचा, कोपरे लोखंडी पट्ट्यांनी बांधायचे, आणि जोडीला धुराड्याची नवी चूल, म्हणजे सरपण निम्मं लागेल आणि रानही वाचेल. त्यासाठी अनुदान मिळणार होतं. अट एवढीच की काम दुष्काळी हातांना द्यायचं. मामा मुकादम झाला. लोक म्हणायचे, हवालदार घर सुधारायला येत नाही, पाडायला येतो. घरमालक नको नको म्हणत असतानाच हा भिंतीवर चढून घण घालायचा. कामावर जत-आटपाडीकडची धनगर माणसं आली तेव्हा गावातल्या टग्यांनी त्यांच्या पालांवर दगडफेक केली. एका बाईचं डोकं फुटलं. मामानं टोळीच्या म्होरक्याला धरून त्याच्या कानाखाली असा आवाज काढला, की पोरगा गटारात जाऊन बसला. "त्येंच्याकडं पाऊस न्हाई, तुमच्याकडं अक्कल न्हाई. दोन्हीचा दुष्काळच की रं!" म्हणाला. पुन्हा कुणी दगड उचलला नाही.

एवढा शहाणा माणूस, पण घात त्यानंच केला. अनुदान चुलीमागे होतं. एक चूल म्हणजे एक कुटुंब. धोंडूमामाच्या डोक्यात आलं, की आपण दोघे भाऊ, दोन चुली दाखवू. मामा मोठ्यानं हसला. "दावू की! सरकारला चुली पायजेत, आपून घालू." आणि बाहेरच्या सोप्यात त्यानं स्वतःच्या हातानं दुसरी चूल घातली. नुसती दाखवायची. पण साहेब तपासणीला येईना. आज येतो, उद्या येतो. थंड चूल दिसली तर अनुदान बुडेल, म्हणून मामा रोज तिच्यावर स्वतःच भाकरी थापायला लागला. ती भाकरी खाण्यापेक्षा ढाल म्हणून बरी होती. पारूमामी, म्हणजे धोंडूमामाची बायको, पदराआड कालवण आणून द्यायची. मग कुणीतरी चुगली करेल या भीतीनं धोंडूमामानं तेही बंद केलं.

आमच्याकडे गाव माणसं मोजत नाही, धूर मोजतो. लग्नाचं आवतण चुलीला एक, जत्रेतल्या बोकडाचा वाटा चुलीला एक. रस्त्यावरून त्या कौलांत दोन धुराडी दिसायला लागली तशी गावानं घर फुटलं असं धरलं. जत्रेला दोन वाटे दारात आले. धोंडूमामानं आपला वाटा निमूट उचलला. साहेब येऊन गेला, पत्रा लागला, तरी दोन्ही चुली पेटतच राहिल्या. आणि एके दिवशी धोंडूमामा म्हणाला, "चुली दोन झाल्या, तर रान बी दोन हुऊ दे."

मामा उठला, घण घेऊन सोप्यातल्या चुलीवर धावला. "हिचा मुडदा बशीवला! हिलाच फोडतो." धोंडूमामा आडवा झाला. शेताच्या वाटणीचा पुरावा होता ना तो! हातात ऊसतोडीचा कोयता होता, तोच त्यानं मामाच्या खांद्यात घातला. मामानं घणाचा दांडा फिरवला आणि धोंडूमामाच्या उजव्या मनगटाचा चुरा केला. पारूमामी मधे पडली, तिचे दात पडले. सारवलेल्या जमिनीवर नुसता रक्ताचा राडा. कऱ्हाडच्या दवाखान्यात दोघे शेजारशेजारच्या खाटांवर पाठ करून पडले होते. पोलिसाला दोघांनीही सांगितलं, पडलो. तेवढी एकी मात्र शाबूत!

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा आजोळी गेले तेव्हा माझं एकच मागणं होतं, दोघांनी एकदा तरी एका चुलीवरचं खावं. मामा म्हणायचा, "त्यो बोलवू दे आदी." धोंडूमामा म्हणायचा, "थोरला हाय त्यो, त्येनं बोलवावं." असल्या हट्टाला काय म्हणावं! मी दोघांनाही शिव्या घालून एसटीत बसायचे.

गावी पोचले तेव्हा मामाला अंगणात ठेवलं होतं. वरच्या वाडीत तशीच एक जुनी भिंत उतरवताना ती अंगावर आली होती. छाती पार चेपलेली. लोकांनी सांगितलं, धोंडूमामा शेतातून धावत गेला आणि पहारीची वाट न बघता हातानंच दगड उपसत होता. त्याच्या डाव्या हाताची नखं उपटली होती, उजवा हात तर कधीचाच वाकडा. मी ती बोटं पाहिली. तरी मनातलं विष उतरलं नाही. सुतकात घरची चूल पेटवत नाहीत, पण कुणी शहाणा पुढं होऊन धोंडूमामाकडं बोट करत म्हणाला, "ह्यांची चूल न्यारी हाय, पेटवली तर चालंल." पारूमामीनं पाण्याची अख्खी घागर स्वतःच्या चुलीत ओतली.

सुतक फिटलं त्या सकाळी धोंडूमामा घण घेऊन सोप्यात आला. मला वाटलं, आता मामाची चूल फोडून घर गिळणार. मी त्याचा सदरा धरला, टराटरा फाडला, छातीवर बुक्क्या मारल्या. "त्याच्या चुलीला हात लावलास तर तुझं डोकं फोडीन!" त्यानं मला एका झटक्यात बाजूला ढकललं आणि आत माजघरात गेला. डाव्या हातानं त्यानं स्वतःच्या चुलीवर घण घातला. एक, दुसरा... वैल फुटला, धुराडं कोसळलं, काजळीनं तो नखशिखांत काळा झाला, तरी घाव थांबेनात. चुलीची पार माती झाल्यावर तो बाहेर आला आणि मामाच्या चुलीपुढं बसला.

"पारे, ही पेटव."

पारूमामीनं भाकरी थापली. मी कालवण वाढलं. त्यानं पहिला घास मोडला, तोंडापर्यंत नेला आणि माझ्याकडं बघत तसाच धरून बसला. "नले, त्यो व्हता तवा ह्यो घास खायाला पायजे व्हता गं..." आणि गुरासारखा रडायला लागला.

मी त्याची समजूत घातली नाही. मला जमलं नाही. एवढंच म्हटलं, "खा आता. निवतंय."