बांधापलीकडची चिंच

"पेंटर, ही चिंच तिकडं कशी काय गेली रं?"

देशमुख मालकांनी छडीचं टोक थेट कॅनव्हासला टेकवलं. रंग अजून ओला होता.

"गेली नाही, मालक. आहे तिथंच काढली."

"आमच्या बाजूला घे."

मी रत्नागिरीकडचा. शाळा चौथीतच सुटली. नाटक कंपनीचे पडदे रंगवत हैदराबाद संस्थानातल्या मोमिनाबादेपर्यंत आलो, तिथं कंपनी मोडली. घाटनांदूरजवळच्या या देशमुखांच्या घरात मालकीणबाईंनी, म्हणजे बाईसाहेबांनी, मला पडवीत जागा दिली, दोन वेळा पोटभर वाढलं. ते उपकार मी विसरलेलो नाही. म्हणून त्यांनी लँडस्केपची ऑर्डर दिली तेव्हा जीव ओतला. लँडस्केप म्हणजे माणसाचं नव्हे, जागेचं चित्र. ते हैदराबादेला त्यांच्या लेकीकडं जाणार होतं. गोदाताई बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळल्या होत्या. हकिमानं प्रवासाला मनाई केली होती.

"तिला येता येत न्हाई, तर मळाच जाऊ द्या तिच्याकडं," बाईसाहेब म्हणाल्या होत्या.

मी मळ्यात बसून स्केच केलं. पुढं विहीर आणि मोट, मागं बांध, बांधापलीकडं चिंच. त्या चिंचेवरून मालकांचा नि चुलतभावाचा दावा हैदराबादच्या अदालतीत चालू होता, हे मला कोण सांगणार?

"जावयाच्या दिवाणखान्यात वकील येत्यात, अंमलदार येत्यात," मालक म्हणाले. "ह्ये बघितलं तर? आमच्याच घरचा सबूत, की चिंच त्याची हाय."

"मालक, हे चित्र आहे. मोजणीचा नकाशा नव्हे."

"मग झाड हलवायला काय जड हाय तुला? कुऱ्हाड तर लागत न्हाई."

शेजारी उभे असलेले मालकांचे कारभारी खिदळले. "कोकन्या, तुमी तर तिकडं समिंदर बी हलवत असाल की."

माझं डोकं तापलं. तरी समजावून सांगितलं. झाड अलीकडं घेतलं तर ते बरोबर विहिरीवर येतं. शिवाय तेलरंगात गडद झाडावर फिकं आभाळ चढवलं, तर खालचा रंग पुढं वर डोकावतो.

"झाकू दे विहीर. विहिरीवर दावा न्हाई."

बाईसाहेबांकडं गेलो. त्या भाकरी थापत होत्या. "म्हनत्यात तसं करा," वर न बघता म्हणाल्या. मला दुसरं घर नव्हतं. केलं.

चित्र पोचवून गडी परत आला, तेव्हा मालक ओसरीवर होते, मी खाली उभा.

"ताईसाब म्हनल्या, चित्र लई छान हाय," गडी म्हणाला. "पन ह्यो मळा कुनाचा? आमची इहीर कुठं गेली? अन् आभाळात काळा डाग कशाचा?"

"लावलं का भिंतीला?"

"न्हाई. कोपऱ्यात उभं हाय. तोंड भिंतीकडं."

मालक माझ्याकडं वळले. "पेंटर, तुझ्या हातातच कसब न्हाई."

माझ्या हातात! विहीर मी बुजवली होती? चिंच मी पळवली होती? ओठापर्यंत आलेलं सगळं गिळलं, कारण पोटात त्यांचंच अन्न होतं. आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

बाईसाहेब उंबऱ्यात आल्या. गड्यांसमोर त्या सहसा बोलत नसत.

"पेंटर, दुसरं काढा. चिंच हाय तिथंच ऱ्हाऊ द्या."

"अन् वकिलांनी बघितलं तर?" मालक म्हणाले.

"चित्र तिच्या खोलीत लागंल. बाळंतिनीच्या खोलीत वकील येत्यात का?"

मालक छडी उचलून मळ्याकडं निघाले.

दुसरं चित्र गेलं. गोदाताईंनी ते पलंगासमोर लावून घेतलं, उठल्या की आधी विहीर बघतात, असा निरोप आला. कसबाबद्दलचं ते बोलणं मात्र मालकांनी कधी मागं घेतलं नाही.

हल्ली ऑर्डर घेताना मी पहिलं विचारतो, चित्र कुठल्या खोलीत लागणार. दिवाणखान्यात म्हणाले, तर झाडं कुठं हवीत तेही विचारून घेतो.