कोंबड्याची तपासणी

आमचे हे मोखाड्याकडच्या एका पाड्यावर मास्तर. घरात सासूबाई, अंगणात त्यांच्या गावठी कोंबड्या, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझी कूस रिकामी. नाशिकपर्यंत जाऊन माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, बाईत दोष नाही, आता नवऱ्याला पाठवा. हे म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" झालं, विषय संपला.

मग ह्यांनी कुठूनसा एक जातिवंत कोंबडा आणला. काय त्याचा थाट! तुरा लालभडक, चाल तर सरपंचाची. विकणाऱ्यानं सोबत इंजेक्शनच्या बाटल्याही गळ्यात मारल्या. नराचं हार्मोन, म्हणे, याने मर्दानगी वाढते. हे स्वतःच्या हाताने टोचायचे. असा राजा दारात आल्यावर घरचे किडमिडे कोंबडे कशाला हवेत? वाघबारशीच्या सणाला सासूबाईंनी ते सगळे वाघदेवाला बळी देऊन टाकले.

पुढे एक कोंबडी खुडूक झाली. पेंढा घालून तिला टोपलीत अंड्यांवर बसवली. पिल्लू एक नाही, सगळी अंडी नासली. सासूबाईंचा निकाल तयार होता, "वांझ निघाली मेली." कोंबडी कालवणात गेली. मग दुसरी बसवली, तीही गेली. मग तिसरी. "वांझ पोसून काय करायचं?" असं म्हणत त्या माझ्याच ताटात रस्सा वाढायच्या. मला घास उतरायचा नाही. अस्सा संताप यायचा! आणि तो राजा कुंपणावर चढून बांग देत असायचा.

एके दिवशी राजाचा घसा बसला. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. सत्कारात मिळालेल्या शालीत त्याला गुंडाळून, मांडीवर घेऊन हे एस्टीने जव्हारला निघाले. पिशवी धरायला मी.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याला काय देता?" ह्यांनी ऐटीत बाटली काढली. बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, बाहेरून इतकं हार्मोन टोचलं की अंगातलं काम थंडावतं. तुरा वाढतो, भांडण वाढतं, पण बीज उरत नाही. याच्यापासून पिल्लं होतायत का?"

मी फस्सकन हसले. हे भिंतीवरचा म्हशीचा तक्ता वाचायला लागले.

घरी पोचलो तर सासूबाई शेवटच्या कोंबडीचे पाय बांधत होत्या. "काय म्हणाली डॉक्टरीण?" हे राजाला शालीतून सोडवत बसले. मग मीच सांगितलं, शेजारच्या अंगणात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "दोष कोंबड्याचा होता, आई. कोंबड्या तुम्ही उगाच कापल्यात."

सासूबाईंनी कोंबड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग कोंबडीचे पाय सोडले आणि मुलाकडे न बघताच म्हणाल्या,

"उद्या शाळेत रजा टाक. नाशिकला जाऊन ये."