पडदा ओढला की बोलायचं नाही

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं माझ्या मावशीचं सहा चाकांवर. जन्मभर तिनं शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. मावशीनं लग्नच केलं नव्हतं, म्हणजे सून नाही. आणि बाग करायची तर एका जागी बसावं लागतं. शाळेनं तिची जुनी बस मोडीत काढली तेव्हा हिनं तीच विकत घेतली. ओळखीच्या सुताराला हाताशी धरून आतली बाकं उपटली, त्या जागी पलंग, ओटा, कपाटं आणि एक छोटा संडास बसवला, छपरावर सोलर पॅनल चढवलं आणि राहतं घर विकून टाकलं. आम्हाला कळवलं ते सगळं उरकल्यावर.

मी विम्याचं काम करते. कुठलीही वस्तू दिसली की ती पडेल, फुटेल, जळेल की चोरीला जाईल, एवढंच माझ्या मनात येतं. मावशीची घरगाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा या चारही गोष्टी मला एकदम दिसल्या. "नव्याचे नऊ दिवस," मी नवऱ्याला म्हटलं. त्याला आता सात वर्षं झाली.

या सात वर्षांत मावशीचे नियम ठरून गेले आहेत आणि ते ती कुणी विचारलं नाही तरी सांगते. जड सामान खाली, चाकांच्या मधल्या भागात; हलकं वर. निघण्याआधी सिलिंडर बंद, कपाटांच्या कड्या घट्ट, छताची खिडकी ओढलेली. मुक्कामाला उजेड असतानाच पोचायचं, कारण अंधारात सगळ्याच जागा सपाट वाटतात. गाडी कलती राहिली तर चाकाखाली लाकडी पाचर सारायची, नाहीतर रात्रभर माणूस भिंतीकडे घरंगळत राहतो. घरात नवी वस्तू आली की एक जुनी बाहेर. बाहेर स्वच्छ सोय मिळाली तर गाडीतला संडास वापरायचा नाही, कारण भरलेली टाकी शेवटी आपल्यालाच रिकामी करायची असते. कपडे धुवायची तिची युक्ती मला सगळ्यात आवडते. घट्ट झाकणाच्या बादलीत कपडे, साबण आणि पाणी घालायचं, बादली कोपऱ्यात पट्ट्यानं आवळून ठेवायची आणि खडबडीत रस्त्यानं गाडी हाणायची. मुक्काम येईपर्यंत कपडे स्वच्छ निघालेले असतात. "रस्ते सुधारले तर मला धुणं हातानं करावं लागेल," असं ती काळजीनं म्हणते.

आणि एक नियम भांडणाचा. एवढ्याशा जागेत दार आपटून निघून जायची सोय नाही. म्हणून मागच्या पलंगाला जाड निळा पडदा आहे. ज्याला राग येईल त्यानं आत जाऊन पडदा ओढायचा. मग बाहेरच्यानं एक शब्द बोलायचा नाही आणि पडद्याला हात लावायचा नाही. फार तर कपभर चहा पडद्याशी ठेवायचा. राग उतरला की आतलं माणूस आपणहून पडदा सारतं. ती एकटीच राहत होती तेव्हा मी विचारलं होतं, "तुला कशाला लागतो हा नियम?"

"स्वतःवर चिडले की मी जाते आत," ती म्हणाली.

माझे वडील गेल्यावर आई खिडकीशी खुर्ची ओढून बसली ती उठेचना. मी जेवण नेऊन द्यायची, ती चार घास खायची आणि पुन्हा खिडकी. एक दिवस मावशीनं बस आणून त्या खिडकीखाली उभी केली आणि हॉर्न वाजवायला सुरुवात केली. शेजारीपाजारी गॅलरीत आले. आई तो हॉर्न बंद करायला खाली उतरली आणि मावशी म्हणाली, "आलीच आहेस तर चार दिवस चल." आईनं दोन साड्या घेतल्या आणि आपला लोखंडी खलबत्ता घेतला. एवढ्या जड वस्तूवरून पहिलं भांडण पहिल्याच वळणावर झालं.

चार दिवसांचे आठ महिने झाले. आई फोनवर तक्रारीच करायची. ओट्यावर पोळपाट मावत नाही, अंघोळीला पाणी पुरत नाही, तुझी मावशी वळणावर वेग कमी करत नाही. मला वाटलं, बिचारी बहिणीच्या धाकानं राहिली आहे. मी घरातली मागची खोली रिकामी केली, भिंतींना फिकट पिवळा रंग दिला, खिडकीशी आरामखुर्ची ठेवली आणि दर फोनला तेच पालुपद लावलं. शेवटी आई म्हणाली, "बरं. या रविवारी ने मला."

मावशीनं फोन घेतला. "ती जाणार असेल तर मीही बघते कुठे एखादी खोली मिळते का. गाडी विकून टाकीन." मला तर एका दगडात दोन पक्षी मारल्यासारखं झालं. "शहाणपणाचं बोललीस," असं मी तिला म्हटलंसुद्धा.

रविवारी सकाळी त्या दोघींनी तळ्याकाठच्या मुक्कामावर यायचं आणि तिथून मी आईला घेऊन यायचं, असं ठरलं. मी निम्म्या वाटेत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी बोलतेय," आई म्हणाली. "हा पंपावरच्या बाईंचा फोन आहे. टेकडीखालचा डिझेल पंप माहितीये ना? तिथे ये. तुझी मावशी घर घेऊन गेली."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? मी बाथरूमला गेले, बाहेर आले तर घर नाही!"

झालं होतं ते असं. सकाळी आईनं मोठ्या मनानं म्हटलं, खलबत्ता तुझ्याकडेच राहू दे. मावशी म्हणाली, "जातेस तर सगळं घेऊन जा. मला काही नको तुझं." आई पलंगावर जाऊन बसली आणि पडदा ओढला. पंपावर गाडी थांबली, तेव्हा पलंगाजवळच्या मागच्या दारातून, म्हणजे शाळेच्या दिवसांत पोरांना संकटात बाहेर काढण्यासाठी असलेल्या दारातून, ती गुपचूप उतरली. टाकी भरून मावशीनं आरशात पाहिलं. पडदा ओढलेला. नियम म्हणजे नियम. ती निघाली.

"थांब, मी मावशीला फोन लावते."

"मुळीच लावायचा नाही. किती वेळानं कळतंय ते बघायचंय मला."

मी अर्थात लावला. पण गाडी चालवताना मावशीचा फोन चमच्यांच्या खणात असतो, त्यामुळे तो चमच्यांना ऐकू आला असेल.

आई भेदरून एका कोपऱ्यात बसली असेल, रडत असेल, अशी चित्रं रंगवत मी पंप गाठला. हवेच्या मशीनपाशी एक कोरी करकरीत घरगाडी उभी होती, दार सताड उघडं, आणि आतून आईचा आवाज येत होता. चांगला खणखणीत.

"एवढ्या बशा कशाला? दोघंच आहात ना? दोन ताटं, दोन पेले. पाहुणा आला तर त्याला म्हणावं, तुझं ताट तू आण. आणि मध्ये फडकी घाल, नाहीतर रस्ताभर बँडबाजा चालेल."

मी दारातून डोकावले. एक नवं जोडपं. आठवड्यापूर्वी घर सोडून निघालेलं. घाटात त्यांची सगळी कपाटं उघडली होती आणि जमिनीवर तांदूळ, पुस्तकं आणि फुटक्या काचेचा चिवडा झाला होता. आई पदर खोचून मधोमध उभी. तो तरुण केर भरत होता आणि त्याची बायको आई सांगेल ती वस्तू खालच्या कपाटात ठेवत होती.

"हा मिक्सर डोक्यावर? कपाळमोक्ष व्हायचाय का? खाली घे. आता ऐका. गावात शिरलात की आधी पाणी कुठे भरायचं आणि घाण पाणी कुठे ओतायचं ते विचारायचं. देखावा नंतर. गाडी मागे घेताना एकानं खाली उतरायचंच, आणि नुसतं खाली नाही बघायचं, वरही बघायचं. फांद्या वर असतात. आणि रोज पळत सुटू नका. एक दिवस चालवलं की दोन दिवस थांबायचं, नाहीतर निघालात जग बघायला आणि बघून आलात डांबर."

"आमची फार भांडणं होतात हो, काकू," ती मुलगी हळूच म्हणाली.

"होणारच. जागा लहान आहे म्हणून होतात, नवरा वाईट आहे म्हणून नाही. पलंगाला एक पडदा लाव. आमच्याकडे आहे."

"तुम्ही किती वर्षं राहताय अशा?"

"आम्ही? सात," आई म्हणाली.

मी दारातच थबकले. आठ महिन्यांची सात वर्षं! आणि तेही कसं, छाती फुगवून. आईला असं बोलताना मी वडील गेल्यापासून ऐकलं नव्हतं. तिला ऐकून मला आनंद झाला आणि त्याच क्षणी माझ्या पिवळ्या खोलीची काळजी वाटू लागली.

"आई, चल. गाडीत बस."

"थांब जरा. हिचं खालचं कपाट राहिलंय."

तेवढ्यात रस्त्यावर तो ओळखीचा हॉर्न सुरू झाला. बस वळणावरूनच ओरडत आली आणि पंपात शिरून कचकन थांबली. मावशी उतरली ती एकाच पायात चप्पल घालून. चेहरा पांढराफटक. तिनं आईला त्या नव्या गाडीच्या दारात पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला; पण सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही.

"लगेच दुसरं घर बघितलंस?"

"पहिलं निघून गेलं ना, चिमे," आई म्हणाली.

"मी तासभर बोलत होते तुझ्याशी! गाडी चालवता चालवता. पहिल्यांदा नियम मोडला. तू ढिम्म. मग तळ्यावर थांबले, चहा केला, पडद्याशी ठेवला. तो गार झाला तरी तू हलेनास. शेवटी पडदा सारला, तर तिथे उशी!"

"काय बोलत होतीस?"

"आता नाही सांगणार. एकदा सांगितलं."

"मी नव्हते तेव्हा."

"तो माझा दोष?"

"मग काय उशीचा?"

पंपावरची बाई हातातलं काम टाकून उभी राहिली होती. जोडप्यानंही डोकी बाहेर काढली. मावशीनं सगळ्यांकडे रागानं पाहिलं. शाळाभर पोरांना धाकात ठेवणारी ही बाई. चुकलं हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"मी म्हटलं, चुकलं माझं," ती पायातल्या एकुलत्या चपलेकडे बघत म्हणाली. "म्हटलं, खलबत्ता राहू दे. तूही राहा. मी सगळ्यांना सांगत फिरले की ताईला सोबत हवी, म्हणून तिला आणलं. हवी होती मला. एकटी होते तेव्हा मी रात्रभर दिवा चालू ठेवून झोपायची. आता वळणावर मागून कुणी 'हळू' म्हणणारं नसलं की मला वळणच घेववत नाही. तू गेलीस तर मला नाही चालवता येणार, ताई. झालं? हेच सांगत होते."

आईनं खोचलेला पदर सोडून हात पुसले.

"हे सकाळी समोरासमोर सांगायला काय झालं होतं?"

"समोर असलीस की तू चुका काढतेस."

"काढणारच! मी हळू म्हणते तेव्हा तू जास्तच जोरात नेतेस."

"मग काय झालं? मला ऐकायला तर येतं ना!"

आई माझ्याकडे वळली. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि त्या हाताला कुणाच्यातरी तांदळाची पूड लागलेली होती.

"तू जा बाळा घरी. हिला एकटीला सोडलं तर ही उद्या स्वतःलाच कुठेतरी विसरून येईल."

"आणि खोली? मी रंग दिलाय गं. खुर्ची आणलीय."

"खोली छानच असणार. पण खुर्चीत बसून मी पुन्हा खिडकीच बघत बसेन," आई म्हणाली. "आणि खोली कुठे पळून जातेय?"

मी हिरमुसले, खोटं कशाला बोलू. आई घरी येणार म्हणून मी महिनाभर नाचत होते. पण ती बसची पायरी मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं चढली, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ऐसपैस बसली आणि बसल्या बसल्या मागे वळून ओट्यावरची एक कडी लावली, आणि तिला घरी चल म्हणायला माझी जीभ रेटेना. त्या दोघींचा मला इतका अभिमान वाटला की मी त्या नव्या जोडप्याला उगाचच सांगितलं, ही माझी आई आणि ती माझी मावशी. जणू त्यांना ते कळलं नव्हतं.

मावशीनं बस सुरू केली. मग गिअर न टाकताच ती आईकडे वळली.

"बसलीस ना?"

"बसले."

"नक्की?"

"अगं, समोर दिसतेय ना तुला!"

"दिसतेस," मावशी म्हणाली. "तरी बोलत राहा."

आईनं लगेच सुरुवात केली. बस पंपातून बाहेर पडली, रस्त्याला लागली, वळणाकडे निघाली. खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे पार दिसेनाशी होईपर्यंत मला ऐकू येत होतं. हळू. हळू. अगं, हळू!