आक्काच्या गुडघ्यातली आच

आक्काला डागणीपासून मीच वाचवलं, असं मी बरेच दिवस सांगत फिरायचो.

माझी ही मोठी बहीण पोखर्णीजवळच्या एका खेड्यात दिलेली. खुरपताना तिचा गुडघा मुरगळला आणि सुजून बसला. गावात एक म्हातारे होते. विळा चुलीत लाल करायचे आणि दुखऱ्या सांध्यावर टेकवायचे. अर्ध्या गावाच्या गुडघ्यांवर त्यांची सही होती. मी तेव्हा परभणीतल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस होतो. पांढरा कोट अंगात गेला आणि मला शिंगं फुटली. "कोन्या जमान्यात ऱ्हायलाव तुमी?" म्हणून दाजींना झापलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत बंद पडलेली एसटी सुरू झाली, त्या दिवशीच आक्काला घेऊन आलो.

"चटका तर न्हाई ना देनार?" तिनं विचारलं.

"चटका कशाचा? मशीन हाय, आक्का. आन मी हायच की तितं."

डॉक्टरांनी गुडघा उघडून आतली फाटलेली गादी काढली. हाडांच्या टोकांवर कूर्चा असते, तिच्यामुळे सांधा न घासता वळतो. आक्काची कूर्चा सोललेल्या लसणासारखी पांढरी, चकचकीत होती. एके ठिकाणी मात्र तिचे धागे निघाले होते. रक्त थांबवायला जी विजेवरची कॉटरी वापरतात, तिच्याच टोकानं डॉक्टर ते धागे जाळून जागा गुळगुळीत करू लागले. ही युक्ती ते नुकतीच बाहेर कुठं पाहून आले होते. मशीनचं बटण माझ्या हाताशी होतं.

"एक आकडा वाढव," ते म्हणाले.

मी दोन वाढवले.

चुकून नव्हे. माझ्या मनात आलं, आक्काचा गुडघा आहे, नीट खोलवर बसू दे, परत दुखायला नको. डागणीबद्दल आमच्याकडं हेच म्हणतात, आच आत गेली पाहिजे. कोट घातला तरी डोकं गावचंच होतं माझं. धागे आक्रसले, जागा गुळगुळीत झाली, जराशी पिवळसरही. "छान," डॉक्टर म्हणाले. मी आकडा गुपचूप मागं घेतला.

चार-पाच महिने आक्का टुणटुणीत होती. दाजी पेढे घेऊन आले आणि मी ते मिटक्या मारत खाल्ले. मग गुडघ्यात करकर सुरू झाली. वर्षभरात तिला उकिडवं बसता येईना. खुरपणी गेली, चुलीपुढचं बसणं गेलं. एक्स-रेच्या फोटोत दोन हाडांमधली फट जवळजवळ बुजलेली दिसली.

"कूर्चा गेली," डॉक्टर म्हणाले. "तिला उष्णता सोसत नसावी, असं आता वाटायला लागलंय. तिच्यात रक्त नसतं, एकदा मेली की भरून येत नाही."

"एखाद्या आकड्यानं एवढा फरक पडतो का, साहेब?"

"कोण सांगणार? नुसत्या जुन्या दुखापतीनंही झालं असेल."

दुसऱ्या आकड्याचं सांगायला माझी जीभ रेटली नाही. आक्काजवळ तर नाहीच नाही. फार लाज वाटायची, अजूनही वाटते.

शेवटी आक्काच म्हणाली, "चल माज्यासंगं. म्हाताऱ्याकडं जायचंय." नको म्हणायला माझ्याकडं काय उरलं होतं? विळा लाल होईपर्यंत मी चुलीकडं बघत राहिलो. मग तिचा पाय दोन्ही हातांनी धरून बसलो. ऑपरेशनच्या व्रणाशेजारी विळा टेकला, चर्र झालं. आक्कानं माझ्या खांद्यात नखं रुतवली, पण ओरडली नाही.

"झालं, बाई," म्हातारे म्हणाले.

"आजून जरा दाबा, काका," आक्का म्हणाली. "आच आत जाऊ द्या. भावानं लय केलं माज्यासाठी, पर त्याच्या मशीनची आच वरवरच ऱ्हायली."

मी पाय घट्ट धरून ठेवला.