टोकदार दाते

मार्गशीर्षातल्या सकाळी उल्हास नदीवरून उठलेलं धुकं मांजर्लीतल्या इमारतींच्या दुसऱ्या मजल्यापाशी येऊन रेंगाळतं, आणि त्या ओल्या, मातकट गंधात जिन्याखालच्या सायकलीच्या वंगणाचा वास मिसळला की काही कारण नसताना मला बरं वाटतं. सायकल माझी नव्हे, माझ्या पत्नीची, सुनंदाची. निवृत्तीनंतर, एकोणसाठाव्या वर्षी, सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत भाचीने देऊन टाकलेल्या याच जुन्या सायकलीवर ती तोल सांभाळायला शिकली. जांभूळला तिची थोरली बहीण राहते. तिच्या दारात एकदा आपल्या पायांच्या बळावर जाऊन उभं राहायचं, एवढीच तिची मनीषा होती. “जन्मभर मला कोणीतरी नेऊन सोडलं,” असं ती इतकं सहज म्हणाली, की सोडणाऱ्यांत प्रमुख मीच होतो हे माझ्या जरा उशिरा ध्यानात आलं.

सायकलीची देखभाल मी आपण होऊन माझ्याकडे घेतली. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. दोन पुस्तकं चाळली की तो विषय आपला झाला, असं मानण्याची सवय त्या नोकरीत जडते. चेन सैल पडली होती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मी चेन आणि मागचं छोटं दातेरी चाक बदलायला सांगितलं. तो पायडलजवळचं मोठं चाक संशयाने न्याहाळू लागला, तेव्हा त्याचे अणकुचीदार दाते दाखवत मी म्हणालो, “याला हात लावू नका. धार बघा, कशी शाबूत आहे.” त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि तो गप्प बसला. विद्वत्तेपुढे शहाणी माणसं अशी गप्प बसतात, आणि विद्वान त्यालाच संमती समजतात.

जांभूळच्या रस्त्यावरच्या पहिल्याच चढावर सुनंदाने पायडलवर सगळा भार टाकला आणि ती कोरी चेन दात्यांवरून सटकन घसरली. पाय एकदम पोकळीत गेला. सायकल आडवी, गुडघा खरचटलेला. लागलं फारसं नव्हतं. ती सायकल हाताने ढकलत घरी आली, जिन्याखाली लावली आणि म्हणाली, “अहो, तुमचं वाचन राहू द्या. मी रिक्षाने जात जाईन.” आवाजात राग असता तर बरं झालं असतं. पुढचे आठ दिवस जिना उतरताना ती सायकलीकडे न बघता पुढे जाई.

शेवटी शेजाऱ्याच्या टेम्पोत सायकल घालून मी उल्हासनगरला कॅम्प दोनच्या वस्तीत नेली. तिथल्या एका गल्लीत कोऱ्या जीन्सच्या कापडाचा आणि तळणीचा वास एकमेकांत गुंतलेला असतो, आणि सहा फुटी दुकानाच्या पाटीवरही ‘इंटरनॅशनल’ लिहिलेलं असतं. लछूदादा या वृद्ध सिंधी कारागिराच्या दुकानाला मात्र पाटीच नव्हती. त्यांनी चेन उतरवली, डोळे मिटले आणि मोठ्या चाकाच्या दात्यांवरून अंगठा फिरवला, वैद्याने नाडी पाहावी तसा.

“साईं, हे घिसून सुई झालंय. नवीन दाताचा माथा सपाट असतो. चेन एकाच बाजूने ओढते ना, ती बाजू खाऊन टाकते.”

“पण धार—”

“धार पाहिजे तर चाकू घ्या.”

शेजारी चहा पिणारा गृहस्थ मनापासून हसला. मीही हसलो, थोडा उशिरा. चर्चासत्रांतून किती टोकदार माणसांना मी ताजी समजत आलो होतो, ते एकेक आठवू लागलं. त्यांतला एक तर रोज आरशात भेटतो.

त्या मापाचं चाक आता येत नाही, असं लछूदादांनी सांगितलं तेव्हा माझा चेहरा पडला असावा. त्यांनी विचारलं, “चालवतं कोण?” मी सांगितलं. “मग त्यांना आणायचं होतं. चेन कुठे घसरते ते पायाला कळतं, चष्म्याला नाही.” एवढं बोलून त्यांनी पाच बोल्ट सोडवले, चाक काढलं, पालथं केलं आणि परत बसवलं. आतापर्यंत ज्या बाजूवर भार आलाच नव्हता, ती बाजू यापुढे चेन ओढणार होती. “अजून दोन वर्षं काढेल,” ते म्हणाले. इतकी साधी युक्ती माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हती, किंवा असलेलं पान मी उलटलं नव्हतं.

घरी येऊन मी सुनंदाला घडलं ते सगळं सांगितलं, चाकूसकट. ती हसली नाही. फक्त खाली गेली. मोकळ्या जागेत सायकलीवर बसून, ब्रेक किंचित दाबून ठेवून, तिने पायडलवर पुन्हा पुन्हा सगळा भार टाकून पाहिला. मी गॅलरीतून पाहत होतो. सल्ले सुचत होते. ते मी गिळले.

रविवारी ती एकटीच गेली. दुपार कलताना परतली तेव्हा चेहरा उन्हाने तांबूस झाला होता आणि पिशवीत बहिणीने दिलेल्या वालाच्या शेंगा होत्या.

“चेन कशी चालली?” मी विचारलं.

“कसली चेन?” ती म्हणाली, आणि शेंगा सोलत वाटेतलं सांगू लागली: चढ संपतो तिथला वाकडा पळस, एका अंगणात वाळत घातलेल्या गोधड्या, पाइपलाइनवर ओळीने बसलेले बगळे. त्या रस्त्याने मी तिला कितीतरी वेळा नेऊन सोडलं आहे. तिने सांगितलेल्यातलं मला काहीच आठवेना, म्हणून मी शेंगा सोलायला घेतल्या आणि ऐकत राहिलो.